अंतर एक, वेळ निराळी

मुंबईहून लंडनला विमान किती वेळांत पोहोंचतें, हा प्रश्न ज्या घरचें कोणी परदेशीं निघालें असेल तेथें हमखास विचारला जातो. उत्तर सोपें वाटतें. परंतु वेळापत्रक उघडलें म्हणजे जाण्याचा वेळ आणि परतण्याचा वेळ जुळत नाहीं. असें कां व्हावें?

प्रथम अंतर पाहावें. भिंतीवरील सपाट नकाशावर हीं दोन शहरें सरळ रेषेनें जोडलीं, तरी ती रेषा सर्वांत जवळची वाट नव्हे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो इराण, कॉकेशस पर्वत आणि काळा समुद्र यांवरून, म्हणजे त्या रेषेच्या बराच उत्तरेकडून जातो. हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर भरतें.

दोरा जातो तेथून विमानाला जातां येतेंच असें नाहीं. १९४८ सालीं ८ जून रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत १० जूनला लंडनला पोहोंचलें. पुढें जेट विमानें आलीं आणि न थांबतां जाणें शक्य झालें. पण अडथळे संपले नाहींत. काळ्या समुद्रापलीकडे तो दोरा युक्रेनवरून जातो, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत युद्धामुळें तेथील आकाश प्रवासी विमानांना बंद झालें. अशा वेळीं वळसा घेण्यावांचून गत्यंतर नसतें.

आतां वाऱ्याचा विचार. जेट विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरला, तर ह्या अंतरास आठ तास पुरावेत. परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या मानानें असतो, आणि ती हवा स्वतःच चालत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, ह्या वाटेच्या बऱ्याच भागांत, जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा सरासरी जोर ताशीं ५० किलोमीटर मानला, तर जातांना सुमारें साडेआठ आणि येतांना सुमारें साडेसात तास लागतील. त्यांत धावपट्टीपर्यंत जाणें, चढणें, उतरणें आणि वळसे हे मिळवावयाचे. म्हणून प्रत्यक्षांत वेळ त्याहून अधिक लागतो.

सर्वांत अधिक घोंटाळा घड्याळ करतें. हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ भारताच्या साडेपांच तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. हिवाळ्यांत पहाटें दोनला मुंबई सोडून दहा तास उडालेला प्रवासी तेथें सकाळीं साडेसहालाच उतरतो; जणूं साडेचार तासांतच पोहोंचला. उलट, तेथून सकाळीं दहाला निघून नऊ तासांत आलेला प्रवासी मुंबईस मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरतो आणि साडेचौदा तास लागल्याचा भास होतो.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. घरीं वाट पाहणारानें आधीं घड्याळांतील हा फरक हिशेबांत धरावा. विमानास उशीर झाला किंवा कसें, याची काळजी मागाहून करावी.