अम्लस्राव-निरोधक औषधे

जठरातील ग्रंथींतून होणारा हायड्रोक्लोरिक अम्लाचा स्राव कमी करणाऱ्या औषधांस ‘अम्लस्राव-निरोधक औषधे’ म्हणतात. खाण्याचा सोडा, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड इ. अम्लशामके स्रवलेल्या अम्लाचे उदासिनीकरण करतात व त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. निरोधके स्रावाच्या उगमावरच कार्य करतात, म्हणून त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो.

जठराम्लाचे कार्य : प्रौढ व्यक्तीच्या जठरात दररोज सुमारे २ लि. जठररस स्रवतो. उपाशीपोटी त्याचे पीएच मूल्य १ ते २ असते. भित्तीय कोशिकांतून बाहेर पडणाऱ्या स्रावातील हायड्रोजन आयनांची संहती रक्तातील संहतीच्या दहा लाख पटींहून अधिक असते. अम्लामुळे पेप्सिनोजेनाचे पेप्सीन बनून प्रथिनांच्या पचनास आरंभ होतो, अन्नातील लोह व कॅल्शियम विद्राव्य होतात आणि अन्नपाण्याबरोबर आलेले बहुतेक सूक्ष्मजंतू नष्ट होतात. श्लेष्मा व बायकार्बोनेट यांच्या थरामुळे जठराच्या अस्तराचे या अम्लापासून रक्षण होते. हा समतोल ढळल्यास व्रण होतात [→ पचनज व्रण]. अम्ल अन्ननलिकेत उलटल्यास छातीत जळजळ होते.

इतिहास : आयुर्वेदातील माधवनिदान या ग्रंथात अम्लपित्ताचा स्वतंत्र विचार केलेला आहे. शंखभस्मासारखी कॅल्शियमयुक्त औषधे त्यावर वापरली जात आली आहेत. जठरातील अम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यांनी १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्यानंतर दीर्घकाळ पथ्य, अम्लशामके आणि शस्त्रक्रिया हेच व्रणावरील उपाय होते. हिस्टामिनाच्या एच-२ ग्राहींवर कार्य करणारा पहिला निरोधक जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली जाहीर केला. त्यातूनच विकसित झालेले सिमेटिडीन १९७६ साली व त्या वर्गातील रॅनिटिडीन १९८१ साली वापरात आले. ब्लॅक यांना १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच वर्षी ओमेप्रॅझोल हा पहिला प्रोटॉन-पंप निरोधक बाजारात आला. रॅनिटिडिनात एनडीएमए हे कर्कजनक ठरण्याचा संभव असलेले अपद्रव्य आढळल्याने अमेरिकेत २०२० साली ते बाजारातून काढण्यात आले, तर भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ साली वगळण्यात आले.

क्रियापद्धती : हिस्टामीन, ॲसिटिलकोलीन व गॅस्ट्रीन हे तीन पदार्थ भित्तीय कोशिकांस अम्लस्रावाची चेतना देतात. एच-२ निरोधके यांपैकी हिस्टामिनाचा मार्ग अडवितात. तिन्ही मार्गांचा शेवट मात्र कोशिकेतील प्रोटॉन पंपाशी होतो. हा एंझाइमरूपी पंप पोटॅशियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकतो. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल इ. औषधे रक्तावाटे या कोशिकांपर्यंत पोहोचतात, तेथील अम्लातच क्रियाशील बनतात आणि पंपाशी पक्की जोडली जातात. म्हणून औषध रक्तातून काही तासांत नाहीसे झाले, तरी नवे पंप तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. अन्नाने पंप कार्यान्वित होत असल्याने ही औषधे सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घेतात.

जठराच्या अंतर्परिसरावरील परिणाम : या औषधांमुळे दिवसाचा बराच काळ जठरातील पीएच मूल्य ४ च्या वर राहते. व्रण भरून येण्यास ही स्थिती अनुकूल असली, तरी जंतुनाशक अडसर तीमुळे दुबळा होतो व एरवी न टिकणारे जंतू जठरात वाढू शकतात. आतड्याच्या काही संसर्गांचा धोका वाढतो. पटकीचे जंतू अम्लात सहज मरतात. स्वयंसेवकांवरील प्रयोगांत आधी खाण्याचा सोडा दिल्यावर फारच थोड्या जंतूंनी रोग झाला. वारणाकाठच्या शिराळा तालुक्यासारख्या भागांत, जेथे २०१९ व २०२१ साली पुराचा तडाखा बसला, तेथे पाणी उकळून पिण्याचे महत्त्व ही औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत विशेष आहे.

अन्नातील प्रथिनांशी बद्ध असलेले ब१२ जीवनसत्त्व अम्ल व पेप्सीन यांमुळे मोकळे होते. दीर्घकालीन निरोधनाने त्याचे शोषण घटते. महाराष्ट्रात ही बाब दुर्लक्षणीय नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषणविषयक अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. शाकाहारी, वृद्ध आणि मधुमेहावर मेटफॉर्मीन घेणाऱ्या व्यक्तींत त्याची उणीव अधिक संभवते. तीमुळे पांडुरोग व हातापायांस मुंग्या येणे ही लक्षणे उद्‌भवतात. लोहाचे शोषणही मंदावते. क्वचित रक्तातील मॅग्नेशियम घटते. अस्थिभंगाशी संबंध निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला आहे. परंतु कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.

अम्ल घटले की शरीर गॅस्ट्रीन अधिक निर्माण करते. त्यामुळे दीर्घकाळ घेतलेले औषध एकाएकी थांबविल्यास काही आठवडे अम्लस्राव पूर्वीपेक्षाही वाढतो. हे मूळ रोग उलटल्याचे लक्षण समजून रुग्ण पुन्हा औषधाकडे वळतो आणि ते सुटत नाही.

उपयोग व दक्षता : रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा केला (नोबेल पारितोषिक, २००५). त्यामुळे अनेक व्रणांवर प्रतिजैविकांसह अल्पकालीन निरोधन हा रोगमूलक उपाय ठरला. अन्ननलिकादाहात सामान्यतः ४ ते ८ आठवडे औषध पुरते. वेदनाशामकांमुळे रक्तस्राव होण्याचा धोका असलेल्या रुग्णांस मात्र ते दीर्घकाळ आवश्यक असते. त्यांनी ते स्वतः होऊन बंद करणे धोक्याचे आहे. इतरांत मात्रा हळूहळू कमी करणे इष्ट असते. गिळण्यास त्रास, वजनात घट, रक्ताची उलटी वा काळा मल ही लक्षणे असल्यास केवळ अम्ल दडपून न थांबता तपासणी करणे अवश्य आहे. कारण औषधाने दुखणे शमले, तरी जठराच्या कर्करोगासारखा मूळ विकार आत वाढत राहू शकतो.