नोकरीतील सचोटी : पहिल्या नोंदीचा प्रश्न

जागतिकीकरणानंतर खाजगी कंपन्यांचा विस्तार झाला आणि वाणिज्य, संगणक व व्यवस्थापन या शाखांच्या पदवीधरांना नोकरीची नवी दारे उघडली. नोकरी कशी मिळवावी याचे मार्गदर्शन आज सर्वत्र होते. नोकरीत प्रामाणिक कसे राहावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. माणूस मुळात सज्जन असला की तो कचेरीतही सज्जनच राहील, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत किती अपुरे आहे, ते अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणावरून दिसून येते.

पहिली नोंद

वर्ल्डकॉमचे मुख्य कार्यालय मिसिसिपी राज्यातील क्लिंटन या लहान शहरात होते. इतर कंपन्यांच्या दूरध्वनी वाहिन्या वापरण्यासाठी तिला फार मोठे भाडे द्यावे लागे. २००० साली धंदा मंदावला आणि शेअर बाजाराला सांगितलेला नफा दाखवणे अवघड झाले. तेव्हा ऑक्टोबर २००० मध्ये लेखा विभागातील बेटी व्हिन्सन यांना वरिष्ठांकडून सूचना मिळाली. देणी भागवण्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेतून ८२ कोटी ८० लाख डॉलर वळते करावेत आणि भाड्याचा खर्च तेवढा कमी दाखवावा, अशी ती सूचना होती. या नोंदीला कसलाही योग्य आधार नव्हता. व्हिन्सन यांनी हरकत घेतली, तरीही अखेर नोंद केली.

नंतर मन खाऊ लागले आणि त्यांनी राजीनामा देण्याचे ठरवले. त्यावर कंपनीचे मुख्य वित्त अधिकारी स्कॉट सलिव्हन यांनी त्यांची समजूत काढली. यात बेकायदेशीर काही नाही, अडचण तात्पुरती आहे, जबाबदारी आपली, असे त्यांचे म्हणणे होते. व्हिन्सन यांच्या घरात मुख्य कमाई त्यांचीच होती. राजीनामा दिला गेला नाही.

२००१ च्या पहिल्या तिमाहीत पुन्हा तोच प्रसंग आला. आता भाड्याचे ७७ कोटी १० लाख डॉलर भांडवली खर्चात टाकण्यात आले. समजा, एखाद्या दुकानदाराने महिन्याचे भाडे भरले आणि वहीत ‘मालमत्ता घेतली’ असे लिहिले, तर खर्च नाहीसा होतो व त्या जागी मालमत्ता दिसते. नफा फुगतो, पण गल्ल्यात एक पैसाही वाढत नाही. हाच प्रकार २००२ च्या सुरुवातीपर्यंत चालू राहिला. व्हिन्सन यांना बढती मिळाली, पण झोप उडाली.

दुसरा मार्ग

त्याच कंपनीत सिंथिया कूपर या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. २००२ मध्ये त्यांना भांडवली खर्चाच्या आकड्यांचा संशय आला. तपासणी पुढे ढकलावी, असे सलिव्हन यांनी सुचवले. कूपर यांनी ती थांबवली नाही. सहकाऱ्यांसह त्यांनी गुपचूप, बऱ्याचदा रात्री बसून, संगणकातील नोंदी शोधल्या आणि त्यांच्या प्रती जपून ठेवल्या. जून २००२ मध्ये त्या थेट व्हिन्सन यांच्याकडे गेल्या व नोंदींचा आधार मागितला. नोंदी आपण केल्या, पण आधार नाही, अशी कबुली व्हिन्सन यांनी दिली.

कूपर यांनी हे प्रकरण संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे नेले. २५ जून २००२ रोजी कंपनीने सुमारे ३८० कोटी डॉलरची चुकीची नोंद जाहीर केली व २१ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे घोटाळ्याचा आकडा सुमारे १,१०० कोटी डॉलरवर गेला. २००५ साली प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २५ वर्षांची, सलिव्हन यांना ५ वर्षांची, तर व्हिन्सन यांना ५ महिने तुरुंग व ५ महिने गृहकैद अशी शिक्षा झाली. ‘जबाबदारी आपली’ या तोंडी शब्दाला न्यायालयात किंमत राहिली नाही.

हैदराबादचा धडा

हे सारे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहिले. रोख व बँकेतील शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याचे त्यात मान्य केले होते. सुरुवातीची लहानशी तफावत वर्षागणिक वाढत गेली, असेही त्यांनी लिहिले. ९ एप्रिल २०१५ रोजी विशेष न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले. त्यांत मालकांबरोबर वित्त विभागातील कर्मचारी आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचे माजी प्रमुखही होते. पुढील महिन्यात अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली. परंतु आज्ञा पाळणाऱ्यालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते, हे स्पष्ट झाले.

कर्मचाऱ्याने काय करावे?

व्हिन्सन स्वभावाने लबाड नव्हत्या. ‘फक्त एकदाच’ या शब्दांपुढे त्या एकट्या पडल्या. म्हणून सचोटी ही केवळ मनाची गोष्ट न राहता कामाची सवय व्हावी लागते. नोंदीसाठी कागद मागणे, तोंडी सूचना लेखी मागणे, न पटलेल्या गोष्टीवर सही न करणे, आपल्या हरकतीची नोंद ठेवणे या सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात. त्या रोजच्या असल्या की संकटाच्या दिवशी कोणाला वेगळ्या वाटत नाहीत.

कायद्याचाही थोडा आधार आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये अशी तरतूद आणि योग्य प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांशी थेट संपर्काची सोय तिच्यात असावी लागते. रुजू होतानाच ही माहिती करून घ्यावी.

तरीही खरा आधार घरातून मिळतो. पगार हातात आला की सर्व पगार हप्त्यांत अडकवणारा माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. काही महिन्यांचा घरखर्च शिल्लक ठेवणारे आणि नोकरी गेली तरी मान खाली न घालणारे कुटुंब हीच नोकरदाराची मोठी ताकद होय. मुलांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी त्यांना पहिली खोटी नोंद नाकारण्यासाठीही तयार करावे. दुसरी नाकारणे त्याहून फार कठीण असते.