डबीची मागची बाजू

मुलांनो, आईबरोबर तुम्ही कधी ना कधी ब्यूटी पार्लरमध्ये गेला असाल. आई खुर्चीत डोळे मिटून बसलेली आणि तुम्ही बाकावर पाय हलवत. समोर आरशाखालच्या फळीवर डब्या, बाटल्या आणि ट्यूबांची ही मोठी रांग! कुणाचं झाकण गुलाबी, कुणाचं सोनेरी. आता सांगा पाहू, पार्लरवाल्या ताईंनी यातली एकेक डबी कशी निवडली असेल? वास घेऊन? जाहिरात बघून? की विकायला आलेल्या माणसाने गळ घातली म्हणून?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही बरं का. आपण घरी क्रीम आणतो ते आपल्यापुरतं. नाही मानवलं, तर चुरचुरतो आपलाच चेहरा. ताईंच्या हातातला डबा मात्र कितीतरी जणींच्या चेहऱ्यांवर जातो, आणि त्या साऱ्या जणी विश्वासाने डोळे मिटून बसलेल्या असतात.

हा विश्वास चुकीच्या डबीवर टाकला तर काय होतं, त्याची एक बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत आली होती. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधलं, तेव्हा कळलं की तिघीही एकच क्रीम लावत होत्या आणि ते गावातल्या ब्यूटी पार्लरमधून घेतलेलं होतं. क्रीम तपासलं, तर त्यात पारा! जुन्या थर्मामीटरमध्ये चमचम करतो ना, तोच. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. पण तो त्वचेतून आत शिरतो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. चेहरा उजळला म्हणून तोवर सगळे खूश!

आपल्या देशातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. चुकून आलाच, तर दहा लाख भागांत एक भाग एवढाच चालतो. म्हणजे हजार किलो क्रीममध्ये फक्त एक ग्रॅम! (डोळ्यांच्या प्रसाधनांचा हिशेब वेगळा आहे.)

मग ताईंनी पारा ओळखायचा कसा? डोळ्यांनी तो दिसत नाही. म्हणून जाणत्या ताई आधी डबी उलटी करतात. पुढच्या बाजूला कंपनी मनाला येईल ते चित्र छापते, मागच्या बाजूला मात्र कायद्याने सांगितलेलं छापावं लागतं. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, किती तारखेपर्यंत वापरायचं ती तारीख. माल परदेशातून आलेला असेल, तर इथे आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. ‘फॉरेनचं आहे’ म्हणून कुणी बिलाशिवाय, कोऱ्या डबीत काही विकायला आणलं, तर जाणत्या ताई त्याला चहा पाजतील, पण माल घेणार नाहीत. आणखी एक गंमत ऐका. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना एखाद्या क्रीमवर दिसली, तर सावध व्हायचं. पारा सोन्याला चिकटून त्याचा रंग घालवतो!

मागच्या बाजूला घटकांची यादीही असते. तिच्यात जो पदार्थ सर्वांत जास्त, तो पहिला. बहुतेक क्रीममध्ये पहिला नंबर असतो पाण्याचा. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ शेवटी, कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. आता ही गुप्तहेरगिरी बघा. क्रीम टिकावं म्हणून पुष्कळदा त्यात फिनॉक्सिएथेनॉल घालतात आणि त्याची मर्यादाच एक टक्का. पुढे मोठ्ठं केशराचं फूल छापलंय, आणि यादीत केशर आहे फिनॉक्सिएथेनॉलच्या नंतर. म्हणजे त्या डब्यात केशर एक टक्क्याच्या वर असूच शकत नाही!

‘हर्बल’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनीही ताईंनी हुरळून जायचं नसतं. बिब्बासुद्धा नैसर्गिकच की! तो चेहऱ्याला लावाल का?

गणित नको म्हणणाऱ्यांनो, पार्लरमध्येही ते सुटत नाही. समजा, ५०० ग्रॅमचा डबा १००० रुपयांना आणि १०० ग्रॅमचा ३०० रुपयांना मिळतो. एका फेशियलला १० ग्रॅम क्रीम लागतं. मोठ्या डब्यातून एक फेशियल २० रुपयांत, लहानातून ३० रुपयांत. मग मोठाच घ्यावा? थांबा. डब्यावर उघड्या बरणीचं छोटंसं चित्र असतं आणि त्यात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ लिहिलेलं असतं. उघडल्यावर तितक्या महिन्यांत डबा संपवायचा. लहान गावात महिन्याला चारच फेशियल होत असतील, तर सहा महिन्यांत २४ झाली, क्रीम लागलं २४० ग्रॅम. उरलेलं २६० ग्रॅम टाकून द्यायचं! त्यापेक्षा एकामागून एक उघडलेले तीन लहान डबे ९०० रुपयांत भागवतात. काही जणी उरलेलं क्रीम तसंच वापरत राहतात. मला विचाराल, तर ही काटकसर नव्हे.

एवढं बघूनही नवं क्रीम थेट चेहऱ्याला लावत नाहीत. थोडंसं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि २४ ते ४८ तास थांबायचं. खाज नाही, लाली नाही, तर पुढे जायचं.

पालकांसाठी दोन शब्द. स्टेरॉइड असलेली मलमं ‘गोरेपणासाठी’ म्हणून सर्रास लावली जातात. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्यातली नावं. ती औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. गैरवापराने त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो. पार्लरमध्ये अशी ट्यूब दिसली, तर सरळ विचारा. आणि पाचवी-सहावीतल्या मुलीला फेशियल कशाला हवं? सावळा रंग हा काही आजार नाही.

आता घरी करून बघा. हळद पाण्यात कालवून टीपकागदावर पातळ पसरा, वाळवा आणि पट्ट्या कापा. एका पट्टीवर अंगाच्या साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर आईच्या फेसवॉशचा. जी पट्टी लाल होईल, तो पदार्थ आम्लारिधर्मी. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचच्या आसपास. म्हणून चेहरा धुण्यासाठी ताई फार आम्लारिधर्मी काही निवडत नाहीत, त्याने त्वचा कोरडी पडते. पारा मात्र या पट्टीला ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. पट्ट्यांवर पेन्सिलीने नावं लिहा, नाहीतर घोटाळा होईल. आणि टेबलक्लॉथवर हळदीचे डाग पडले, तर माझं नाव सांगू नका!