जेवताना मोबाईल हवाच? मग कार्टूनऐवजी हे करून बघा
सावदा म्हणजे केळीचं गाव. पण घरातलं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल केळं बघूनच तोंड फिरवत असेल, तर तो हट्ट नाही. केळ्याचा वास, चिकटपणा त्याला खरंच सहन होत नसेल. कार्टून लावून घास कोंबू नका.

आयआयटी मुंबईचं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. खाण्याचं चित्र निवडून बटण दाबलं, की 'आवडतं', 'अजून', 'नको' हे फोन बोलून दाखवतो. 'नको' आलं की थांबा.

मग आवडीच्या पदार्थाशेजारी केळ्याची एक चकती नुसती ठेवा. आधी बघणं, मग हात लावणं, वास घेणं, चाटणं. घास सगळ्यात शेवटी. वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.