मुलांसाठी लॅपटॉप घेताना : स्टिकर नव्हे, नंबर वाचा

बारावीचा निकाल लागतो, मुलाला किंवा मुलीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळतो, फी भरून होते आणि आठ-पंधरा दिवसांतच घरात लॅपटॉपचा विषय निघतो. वडील व्यापारी असोत की कारागीर, स्वतःच्या धंद्यातल्या मालात त्यांना सहसा कोणी फसवू शकत नाही. फर्निचरवाला सनमायक्याच्या चकाकीला भुलत नाही, तो कडेने प्लायचे थर मोजतो. यंत्रमागवाला कापडाचा रंग पाहण्याआधी सूत कोणते ते विचारतो. पण हीच माणसे लॅपटॉपच्या दुकानात पाऊल टाकले की गप्प होतात आणि विक्रेता जो नग पुढे करील त्याला "बरे आहे, द्या" म्हणून मोकळी होतात. चाळीस-पन्नास हजारांचा सौदा आपण दुसऱ्या कुठल्याही मालात असा करत नाही.

मी स्वतः केला आहे, म्हणून लिहितो. माझे दुकान हार्डवेअरचेच, पण खिळे-बिजागऱ्यांचे! २०२२ साली थोरल्या मुलाला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला. त्या वर्षी उधारी अडकलेली होती, हातात रोख थोडी. एका दुकानातून वापरलेला, साफसूफ करून ठेवलेला लॅपटॉप २२ हजारांना आणला. त्यावर 'आय-सेव्हन' असे स्टिकर होते. दुकानदार म्हणाला, "चाचा, नवीन आय-थ्री घेण्यापेक्षा हा आय-सेव्हन कधीही भारी." मला पटले. तिनापेक्षा सात मोठे, यात शंका कसली?

सहा महिन्यांतच मुलगा कुरकुरू लागला. एकीकडे प्रॅक्टिकलचा अहवाल लिहायचा, दुसरीकडे आलेख काढायचा, तर यंत्र थांबून राही. एके दिवशी त्याने मला यंत्राचा पूर्ण नंबर दाखवला : आय७-६६००यू. "अब्बा, सातकडे बघू नका, पुढच्या सहाकडे बघा. ही सहावी पिढी आहे, २०१५ सालची. आत दोनच कोअर आहेत." कोअर म्हणजे कामाला लागलेले कारागीर समजा. त्याच २०२२ साली बाजारात आलेल्या आय३-१२१५यू या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर होते. मी सातच्या आकड्यावर भाळलो आणि दोन कारागिरांचा कारखाना घेऊन आलो.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन एवढ्यावर थांबू नये. डॅशनंतरचा पहिला आकडा, किंवा तो आकडा एक असल्यास पहिले दोन आकडे, पिढी सांगतात. शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे. 'यू' म्हणजे वीज कमी खाणारा, बॅटरी जास्त टिकवणारा. 'एच' म्हणजे जोरकस, पण तापणारा आणि वीज जास्त ओढणारा. विज्ञानाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना 'यू' पुरतो.

दुसऱ्या कंपनीचा, म्हणजे एएमडीचा, रायझेन घेताना तर जास्तच सावध असावे. २०२३ पासूनच्या त्यांच्या सात हजारी नंबरांत पहिला आकडा माल कोणत्या सालचा ते सांगतो, पण आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यावरून कळते. रायझेन ५ ७५२०यू हा नंबर वाचायला नवा वाटतो. त्यातला तिसरा आकडा दोन, म्हणजे रचना २०१९ सालची आणि कोअर चार. शेजारीच ठेवलेल्या रायझेन ५ ७५३०यू मध्ये तिसरा आकडा तीन, रचना एक पिढी पुढची आणि कोअर सहा. दोन्हींवर स्टिकर एकच, 'रायझेन ५'. यात बेकायदेशीर काही नाही. जुना माल नव्या डब्यात भरलेला असतो आणि डब्यावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलेही असते. वाचायचे काम गिऱ्हाइकाचे.

वापरलेला माल वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले लॅपटॉप बांधणीने मजबूत असतात, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा कोणत्याही मोठ्या शहरात ते मिळतात. पण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. सहाव्या-सातव्या पिढीचा नग फार स्वस्त दिसला तर हे कारण ध्यानात घ्यावे. आणखी एक. विंडोज स्वतःच 'बॅटरी रिपोर्ट' नावाचा तक्ता काढून देते. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन्ही आकडे असतात. तो तक्ता समोर काढून मागावा. टाळाटाळ झाली तर पुढचे दुकान गाठावे.

आता मुलाला किंवा मुलीला लागते तरी काय? हा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, कॉलेजच्या विभागात विचारायचा, आणि तोही खरेदीआधी. भौतिक, गणित आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पायथॉन आणि आर या भाषा लागतात, दोन्ही फुकट. जीवशास्त्रात सूक्ष्मदर्शकाखालच्या छायाचित्रांवर मोजमाप करायला इमेजजे वापरतात, तेही फुकट. ही सर्व कामे मध्यम लॅपटॉपवर नीट होतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात अशा मोफत सॉफ्टवेअरचे बरेच धडे मराठीतूनही आहेत, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. मोठी गणिते पुढे लागलीच, तर विभागातले संगणक असतात, किंवा गूगलच्या कोलॅबवर इंटरनेटमधून गूगलचेच यंत्र वापरता येते.

म्हणून सत्तर-ऐंशी हजारांचा 'गेमिंग' लॅपटॉप अभ्यासाच्या नावाखाली कोणी गळ्यात मारू लागले तर सरळ नकार द्यावा. त्याचे ग्राफिक कार्ड रसायनशास्त्राच्या मुलाला शोभेपुरतेच. वजन दोन किलोच्या वर, चार्जर विटेएवढा, आणि एसटीने किंवा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या मुलीने तो वाहायचा! मुलगा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला असेल तर गोष्ट वेगळी. ॲपलचा लॅपटॉप उत्तम असतो, पण आलेखांसाठी प्रयोगशाळांत चालणाऱ्या ओरिजिनसारख्या काही सॉफ्टवेअरना विंडोजच लागते. तेही आधी विचारून घ्यावे.

पैसा घालायचा तो रॅममध्ये. शिंपी बांधवांच्या भाषेत रॅम म्हणजे कापणीचे टेबल आणि एसएसडी म्हणजे तागे ठेवायचे कपाट. टेबल लहान असेल तर कारागीर कितीही चलाख असो, काम अडते. १६ जीबी रॅम चांगली. ८ घ्यावी लागली तर नंतर वाढवायची जागा रिकामी आहे ना, हे विचारावे. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच झाळलेली असते, ती पुढे वाढत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हा हा प्रश्न आणखी महागात पडू लागला. एसएसडी ५१२ जीबीची पुरेशी.

पैशांच्या बाबतीत 'नो कॉस्ट ईएमआय'चा फलक आपल्याला हमखास दिसतो. व्याज टाळू पाहणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की यात व्याज नाही. तसे नसते. बँक हप्त्यांवर व्याज लावतेच; विक्रेता तेवढी रक्कम आधी सूट म्हणून कमी दाखवतो. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क येते. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये शून्य टक्के व्याज ही कल्पना अस्तित्वात नाही, असे बँकांना बजावले होते. म्हणजे हप्तेवाल्याला जी सूट मिळते, ती रोख घेणाऱ्याने भाव करताना मागावी. तो त्याचा हक्कच समजावा. आमच्या मोहल्ल्यात काही जणांनी जानेवारीपासून भिशी लावून जुलैत लॅपटॉप घेतले. हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो.

बिल पक्के घ्यावे. त्यावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचा पूर्ण नंबर आणि सीरियल नंबर असावा. तोच सीरियल नंबर लॅपटॉपच्या तळाशी आणि खोक्यावर आहे की नाही ते दुकानातच पाहावे. काही व्यापारी बंधू हे बिल पेढीच्या नावावर करून कर वजा घेऊ पाहतात. खासगी वापराच्या वस्तूवर तशी वजावट मिळत नाही. "विंडोज आम्ही टाकून देतो, पैसे नकोत" असे कोणी म्हणाला, तर ती बहुधा चोरीची प्रत असते.

जुलै २०२५ मध्ये मुलीला सूक्ष्मजीवशास्त्राला प्रवेश मिळाला. या वेळी आधी तिच्या मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, स्लाइडची छायाचित्रे, थोडे आर आणि प्रेझेंटेशन, बाकी काही नाही. दुकानात विक्रेत्याने दोन रायझेन ५ शेजारी-शेजारी मांडले. भावात फरक अडीच हजारांचा. मुलीने दोन्हींचे तिसरे आकडे वाचले आणि ७५३०यू वर बोट ठेवले. त्यात ८ जीबी रॅम होती आणि एक जागा रिकामी. ती ऑगस्टमध्येच भरून घेतली.

जुना आय-सेव्हन आता माझ्या गल्ल्याशेजारी असतो. मुलाने त्यात उबुंटू टाकून दिले आहे. उधारीची वही मी त्यातच लिहितो, आणि तेवढ्याला दोन कारागीर पुरतात.