दुसऱ्याचा खेळ मोडणारा जॅक

१२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये आयर्लंडचा संघ युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेतला आपला पहिला सामना खेळायला उतरला. त्याआधी या देशाला एकाही मोठ्या स्पर्धेची मुख्य फेरी गाठता आली नव्हती. समोर होता इंग्लंड. सहाव्या मिनिटाला रे हाउटनने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि पुढचा सगळा वेळ आयर्लंडने ती एका गोलची आघाडी जिवापाड जपली. इंग्लंडला हरवणाऱ्या या संघाचा प्रशिक्षक मात्र अस्सल इंग्रज होता, तोही १९६६ चा विश्वचषक जिंकलेला: जॅक चार्लटन.

इंग्लंडच्या ईशान्येकडचं अ‍ॅशिंग्टन हे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे १९३५ मध्ये जॅकचा जन्म झाला. वडील खाणकामगार, पण आई सिसीच्या माहेरी फुटबॉल मुरलेला. चारही मामा व्यावसायिक खेळाडू, आणि न्यूकॅसलचा नामांकित आघाडीपटू जॅकी मिलबर्न हा आईचा चुलत भाऊ. धाकट्या भावाच्या, बॉबीच्या पायात जादू आहे हे लवकरच सगळ्यांना कळलं. उंच, किडकिडीत जॅककडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. शाळा सुटल्यावर तो खाणीत उतरला, पण तिथलं काम त्याला मानवलं नाही. लीड्स युनायटेडने चाचणीसाठी बोलावलं आणि त्याला वाट सापडली.

त्याच वाटेवर तो वीस वर्षं चालला. लीगमधले त्याचे सर्व ६२९ सामने लीड्सकडूनच झाले. मधल्या बचावपटूचं काम तसं रुक्ष: चेंडू अडवायचा, उडवायचा, समोरच्याला वळू द्यायचं नाही. पण जॅक ते करता करता विचारही करत असे. कॉर्नरच्या वेळी तो थेट प्रतिस्पर्धी गोलरक्षकाला खेटून गोलरेषेवर उभा राहू लागला. गोलरक्षकाला ना उडी नीट घेता येई, ना चेंडू नीट दिसे.

इंग्लंडच्या संघात तो आला १९६५ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर असताना. पुढच्याच वर्षी दोघे भाऊ विश्वविजेते झाले. लीड्सने १९६९ मध्ये लीग आणि १९७२ मध्ये एफए कप जिंकला, तेव्हाही बचावाची मदार जॅकवरच होती.

खेळत असतानाच त्याने प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम पूर्ण केले होते. १९७३ मध्ये निवृत्त होताच त्याने मिडल्सब्रोची सूत्रं हाती घेतली आणि पहिल्याच हंगामात संघाने दुसरा विभाग १५ गुणांच्या फरकाने जिंकला. विजयाला दोनच गुण मिळत, त्या काळातली ही गोष्ट. पुढे त्याने शेफील्ड वेन्सडेला तिसऱ्या विभागातून वर काढलं. १९७७ मध्ये इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी त्याने अर्ज केला, तेव्हा मात्र साधं उत्तरही आलं नाही.

आयर्लंडने त्याला १९८६ मध्ये बोलावलं. जेमतेम ३५ लाख वस्तीचा देश. जॅकने आधी आयरिश आई-वडील किंवा आजी-आजोबा असलेले खेळाडू हेरले. हाउटन जन्माने ग्लासगोचा, जॉन ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा. मग त्याने खेळाची रीत ठरवली, आणि ती थेट बचावपटूच्या अनुभवातून आलेली होती. आंतरराष्ट्रीय संघ मागून सावकाश, छोट्या पासांनी खेळ उभारतात. बचावपटूला सर्वांत नकोसं वाटतं ते आपल्याच गोलकडे तोंड करून धावणं. म्हणून चेंडू लांब मारायचा, बगलेच्या बचावपटूंच्या पाठीमागे टाकायचा आणि ते वळताच सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं.

याची किंमतही मोजावी लागली. लिअम ब्रेडीसारख्या कलाकाराला या रचनेत जागा उरली नाही. चेंडू पायाशी ठेवून शांतपणे खेळणारा आर्सेनलचा बचावपटू डेव्हिड ओलेरी बराच काळ संघाबाहेर राहिला. हा फुटबॉल पाहवत नाही, अशी टीका आयर्लंडमध्येच झाली. त्या टीकेत तथ्य होतं. ब्रेडीचा डावा पाय ज्यांनी पाहिला होता त्यांना हे सोसणं कठीणच होतं. पण हाती असलेल्या माणसांनिशी बलाढ्य संघांना कसं रोखायचं, या प्रश्नाला जॅकइतकं नेमकं उत्तर तिथे आधी कुणी दिलं नव्हतं.

१९९० च्या विश्वचषकात ते दिसलं. इंग्लंड, इजिप्त, नेदरलँड्स या तिघांशी बरोबरी. जेनोआत रोमानियाविरुद्ध १२० मिनिटांत गोलच नाही. शूटआउटमध्ये पॅकी बॉनरने टिमोफ्टेची पेनल्टी अडवली, आणि निर्णायक पेनल्टी मारायला पुढे आला तो डेव्हिड ओलेरी. चेंडू जाळ्यात गेला. शूटआउटखेरीज एकही सामना न जिंकता आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे रोममध्ये यजमान इटलीने स्किलाचीच्या एकमेव गोलवर त्यांना हरवलं. चार वर्षांनी अमेरिकेतल्या विश्वचषकात त्याच इटलीला आयर्लंडने १-० असं नमवलं. गोल पुन्हा हाउटनचा.

डिसेंबर १९९५ मध्ये नेदरलँड्सकडून हरल्यावर युरोपियन स्पर्धेची संधी हुकली आणि जॅकने पद सोडलं. पुढच्या वर्षी आयर्लंडने त्याला मानद नागरिकत्व दिलं. १० जुलै २०२० रोजी ८५ व्या वर्षी तो गेला, तेव्हा दोन्ही देशांनी शोक केला. त्याच्यानंतर आयर्लंडची धुरा आली मिक मॅकार्थीकडे. तोही मधला बचावपटू, इटलीतल्या त्या स्पर्धेतला जॅकचा कर्णधार. २००२ मध्ये त्याने आयर्लंडला पुन्हा विश्वचषकात नेलं आणि बाद फेरीत स्पेनला शूटआउटपर्यंत झुंजवलं.