उठावावरची चंदेरी रेघ

रांगोळी, मेंदी, रुखवत... बारीक कामाची आपल्या हातांना सवय असतेच. पण ‘मी छोट्या मोटारी रंगवते’ म्हटलं की शेजारणी हसतात. ‘‘अगं, मुलं मोठी झाली ना तुझी?’’ हसू देत!

माझे अण्णा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून ती गेलीच. अण्णांची त्याआधीच भंगारात निघाली. धड एक फोटोही नाही. आता काचबिंदूने त्यांची नजर अधू झालीय. म्हटलं, गाडी त्यांच्या हातातच द्यावी.

एकास चोवीस प्रमाणात चार मीटरची गाडी जेमतेम सतरा सेंटिमीटरची होते. दाराची मूठ तांदळाच्या दाण्याएवढी! खिडकीची पट्टी, पुढची जाळी, सगळं पृष्ठभागावर किंचित उचललेलं. रंगाचा थर जाड बसला की हा उठाव बुजतो. अण्णांना तर बोटांनीच ‘बघायचं’ होतं, म्हणून हेच जपायचं होतं.

आधी काळा-पिवळा अ‍ॅक्रिलिक रंग पातळ हातांनी दिला आणि पूर्ण वाळू दिला. मग चंदेरी इनॅमल घेतलं. युक्ती अशी, की ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा. मग टोकाने नाही, तर आडव्या अंगाने उठावावरून अलगद फिरवायचा. रंग फक्त उंच भागाला लागतो, खाच कोरी राहते. मुठीसाठी टूथपिक पुरते. रंग बाहेर गेलाच, तर कान साफ करायच्या काडीला किंचित टर्पेंटाइन लावून लगेच टिपायचा. खालचं अ‍ॅक्रिलिक पक्कं वाळलेलं असेल तर सहसा हलत नाही. खिडकी मात्र उघडी हवी आणि लहान मुलं लांब.

अण्णांनी गाडी घेतली, अंगठा जाळीवरून नेला, मग दारावर थांबले. ‘‘मूठ बरोबर जागी आहे गं,’’ म्हणाले. आणि मग तासभर दादर, भायखळा, रात्रपाळ्या! एवढं बोललेले अण्णा मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

मैत्रिणींनो, हात बसवायला घरातलं एखादं मोडकं खेळणं पुरे. आणि कुणी हसलं, तर हसू द्या.